तोफेची लाथ

बंदराच्या टोकाला बचाव ठाणं होतं आणि ठाण्यात एक तोफ होती. माणसं मारायची नव्हे. तिच्या नळीतून आठ किलोचा लोखंडी गोळा सुटायचा आणि गोळ्याच्या कडीला बारीक दोरी बांधलेली असायची. खडकावर अडकलेल्या जहाजाच्या डोक्यावरून गोळा पलीकडे पडला की दोरी जहाजावर आडवी व्हायची. ती जहाजावरच्यांनी ओढायची. बारीक दोरीमागून जाड दोर, जाड दोरामागून हवेचा तराफा, आणि तराफ्यातून दोघे-दोघे बाहेर. हे काम रॉकेटनेही होतं, पण रॉकेट हलकं. वादळात ते वाऱ्याचं ऐकतं. तोफेचा गोळा जड आणि हट्टी, तो आपल्याच वाटेने जातो.

पण गोळा पुढे गेला की तोफ मागे येते. ठाण्यात याला सगळे लाथ म्हणत. पंच्याऐंशी किलोची ती पितळी तोफ वाळूत ठेवून डागली की चार-पाच पावलं मागे उडायची, कधी कोलांटी खायची. तिच्या मागे उभं राहायची कुणाची छाती नव्हती.

आक्काचा धाकटा भाऊ त्या ठाण्यात तोफवाला होता. आक्काला सगळं बंदर आक्काच म्हणे, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं लेथचं वर्कशॉप होतं. होड्यांच्या इंजिनांचे शाफ्ट, बुश, पंपाचे पिस्टन हे तिचं काम. नवरा मालवाहू जहाजावर आचारी, वर्षातले आठ महिने पाण्यावर. वर्कशॉपला लागून माडीवर घर, घरात ती आणि तिचे सासरे. सासरे छत्तीस वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. डोळ्यांनी आता उजेड आणि सावली एवढंच कळे, पण जीभ आणि डोकं दोन्ही शाबूत.

त्या वर्षीच्या वादळात एक जहाज बाहेरच्या खडकावर चढलं. खडक किनाऱ्यापासून जवळजवळ एक किलोमीटर आत, तोफेचा पल्ला जेमतेम चारशे मीटर. ठाण्याच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणत. त्याने तोफ बचावाच्या होडीत चढवली, नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, चार दोरांनी आवळून बांधली आणि होडी खडकाकडे नेली. बार उडाला. दोन दोर तुटले, तिसऱ्याने बांधल्या जागची फळीच उपटून आणली, आणि तोफ तोफवाल्याच्या मांडीवर आली. फुटलेल्या फळीतून पाणी शिरलं. होडी कशीबशी परतली. जहाजावर नऊ माणसं होती. दुपारनंतर जहाज मोडलं. चौघे पोहत किनाऱ्याला लागले. पाच लागले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आक्का हॉस्पिटलात भावाच्या खाटेशी बसली होती. त्याचा पाय कमरेपासून प्लास्टरमध्ये होता.

"नीट बांधली नव्हती का रे बाबू?" तिने विचारलं.

"चार दोरांनी बांधली होती. तू लेथच्या चकमध्ये शाफ्ट आवळतेस तशी."

"मग?"

"मग काय, तुटले. आणखी घट्ट बांधली असती तर होडी फाटली असती. लाथ कुठेतरी जाणारच ना, आक्का. तोफेला म्हटलं लाथ मारू नकोस, तर ती गोळाही फेकणार नाही." त्याने नजर छताकडे वळवली. "ते पाच जण कठड्याला धरून आमच्याकडे बघत होते. आम्ही वळलो, तेव्हाही बघत होते."

आक्काने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. पण ते वाक्य तिच्यासोबत घरी आलं, जिना चढलं, जेवायच्या वेळी पानाशी बसलं. लाथ कुठेतरी जाणारच.

"मामंजी," तिने ताट वाढता वाढता विचारलं, "लाथ कमी करता येते का?"

मामंजींनी आधी कोणाची ते विचारलं. तिने सांगितलं. मग त्यांचा चेहरा फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसासारखा झाला.

"कमी नाही. गोळ्याला जेवढा रेटा मिळतो तेवढाच तोफेला मिळतो, गुंजभरही कमी नाही. तिथे गयावया चालत नाही. पण किती वेळात मिळायचा, यावर बोलता येतं. उंचावरून उडी मारलीस तर गुडघे वाकवतेस ना?"

"मी कशाला उडी मारू या वयात?"

"मारलीस तर म्हणतोय. ताठ पायाने पडलीस तर हाड मोडेल. गुडघे वाकवलेस तर तीच उडी, तेवढंच वजन, आणि काही होत नाही. कारण थांबायला तू जास्त अंतर घेतलंस. तुझ्या भावाच्या तोफेला गुडघे नाहीत. दोरांनी बांधली म्हणजे तिचे पाय ताठ बांधले."

आक्का दुसऱ्या दिवशी ठाण्यावर गेली आणि होडीतली नाळेजवळची जागा टेपने मोजून आली. गुडघे वाकवायला अर्धा मीटर मिळत होता. पन्नास सेंटीमीटर, त्याहून बोटभरही नाही.

तिच्या वर्कशॉपची शेड उंच होती. आढ्याच्या वर, पत्र्यातून चौकोन कापून, तिने लोखंडी चौकट उभी केली आणि तिला चेनपुली लावली. तोफेच्या वजनाचा लोखंडी ठोकळा बरोबर पाच मीटर वर नेऊन सोडला की खाली येईपर्यंत त्याला जो वेग येतो, तोच बार उडाल्यावर तोफेला मागे येताना असतो, हा हिशोब मामंजींनी तोंडी करून दिला होता. म्हणजे समुद्रात न जाता, दारू न उडवता, गल्लीतच लाथ खाता येणार होती.

पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तोच तिच्याही आला: स्प्रिंग. ट्रकच्या भंगारातून तिने मनगटाएवढ्या जाड तारेची स्प्रिंग आणली आणि ठोकळा सोडला. स्प्रिंग दबली, छान दबली, आणि मग तिने घेतलेलं सगळं जसंच्या तसं परत केलं. ठोकळा आला तसा वर गेला, आढ्याजवळचा पत्रा उचकटून तिरका कोसळला. पत्रा अंगणात पडला, त्याचा आवाज वरच्या खोलीत गेला.

"सूनबाई, आकाश पडलं का?" मामंजींनी खिडकीतून विचारलं.

"नाही मामंजी. आपलंच छप्पर आहे."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "स्प्रिंग उसनं घेते आणि तोंडावर फेकते. तुला असं काहीतरी हवंय, जे घेईल आणि पचवेल."

पचवणारं म्हणजे तेल, हे तिला पंपांच्या कामामुळे ठाऊक होतं. तेलाला बारीक भोकातून जायला लावलं की ते रडतखडत जातं, आणि त्या रडण्यात जोर जिरतो. तिने पोलादी सिलिंडर घडवला, आत पिस्टन बसवला, तेल भरलं आणि पिस्टनलाच भोकं पाडली. सिलिंडरच्या बुडाखाली तिने शिशाची गोटी ठेवली. ठोकळा पडताना बुडावर जो सगळ्यात मोठा दाब येईल तो ती गोटी चेपून सांगणार होती. जेवढी चपटी, तेवढी लाथ.

गोटी भाकरीसारखी चपटी झाली.

ती पुन्हा पुन्हा ठोकळा टाकून बघत राहिली. सुरुवातीला ठोकळा वेगात असतो तेव्हा तेल भिंतीसारखं आडवं येई, धाडकन. त्या एका क्षणात सगळी मारामारी. मग वेग जरा उतरला की तेच तेल ढिलं पडे, आणि उरलेलं निम्म्याहून जास्त अंतर ठोकळा जांभया देत खाली जाई. भोकं मोठी केली तर सुरुवात सौम्य होई, पण ठोकळा शेवटपर्यंत न थांबता बुडावर आदळे. म्हणजे सुरुवातीला मोठी वाट हवी आणि शेवटी लहान. एकाच फेरीत, पापणी लवायच्या आत, भोक आपणहून लहान व्हायला हवं. हे भोकाला कोण सांगणार?

आठवडाभर ती लेथवर दुसऱ्यांची कामं करत हाच विचार करत होती. मग एका दुपारी शाफ्ट पॉलिश करताना तिला दिसलं की सांगायची गरजच नाही. भोकं पिस्टनला नकोतच. ती सिलिंडरच्या भिंतीला, एकाखाली एक ओळीने पाडायची, बाहेरून दुसरं नळकांडं चढवायचं म्हणजे तेलाला जायला जागा होईल. पिस्टन खाली येईल तसतसा एकेका भोकावरून पुढे जाईल, आणि मागे टाकलेल्या भोकाचा मग काही उपयोग उरणार नाही. आधी पाच वाटा उघड्या, मग चार, मग तीन. पिस्टन स्वतःच आपल्या मागची दारं बंद करत जाईल.

पण दारं कुठे कुठे ठेवायची, हे तिला माहीत नव्हतं. म्हणून तिने दर दोन सेंटीमीटरला एक अशी पंचवीस भोकं पाडली, प्रत्येकात आटे काढले आणि प्रत्येकाला स्क्रू बसवला. मग पाच स्क्रू काढायचे, वीस बंद ठेवायचे, बाहेरचं नळकांडं चढवून तेल भरायचं, ठोकळा टाकायचा, गोटी कॅलिपरने मोजायची, वहीत लिहायचं, आणि पुन्हा सगळं खोलायचं. नाकी नऊ आले. कधी एका दिवसात दोनच फेऱ्या होत, कधी दहा. जास्त फेऱ्या झालेल्या दिवशी सिलिंडर हाताला कोमट लागे. पाच मीटरवरून पडलेलं सगळं पडणं त्या कोमटपणात जाऊन बसलेलं असे. ती कधी कधी नुसतीच त्याला हात लावून उभी राही.

शेजारी टायरचं दुकान होतं. टायरवाल्याला या धडामधडामाची इतकी सवय झाली होती की तो त्या तालावर पाना फिरवी. एका दुपारी तो हातात पाना तसाच घेऊन तिच्या दारात आला.

"काय झालं आक्का? आज टाकला नाही का?"

"टाकला की. आत्ताच."

"आवाज नाही आला."

"हो," आक्का म्हणाली. "मलाही नाही आला."

आवाज आला होता, पण श्वास सोडल्यासारखा. ठोकळा वरून सुटला, पिस्टनच्या टोकावर आला, आणि पंच्याऐंशी किलो लोखंड माणसाने उशीवर डोकं टेकावं तसं खाली जाऊन थांबलं. कुठेही ठेच नाही. तिने गोटी बाहेर काढली. गोटी जेमतेम बसकी झाली होती. तिने दुसरी गोटी ठेवून पुन्हा टाकला. पुन्हा तेच. टायरवाला पाना खिशात घालून तिथेच बसला आणि म्हणाला, "अजून एकदा टाक, मला बघू दे." तिने टाकला. तो उठून निघून गेला, आणि पाच मिनिटांनी आपल्या बायकोला घेऊन आला.

संध्याकाळी तिने वही वर नेली.

"मामंजी, जमलं. पाच भोकं सापडली."

"कुठे कुठे आहेत? पिस्टन जिथे थांबतो तिथून सुरू कर, म्हणजे उलटं."

"शेवटचं भोक अगदी बुडाशी. त्याच्यापासून पुढचं दोन सेंटीमीटरवर. त्यापासून पुढचं आणखी सहावर. मग दहा. मग चौदा. आणि तिथून पिस्टन जिथून निघतो तिथपर्यंत अठरा."

मामंजींनी ओठातल्या ओठात आकडे पुन्हा म्हटले.

"सगळ्यांना दोनाने भाग," ते शेवटी म्हणाले.

तिने भागलं. "एक. तीन. पाच. सात. नऊ."

त्यांनी चष्मा काढला. त्याचा आता उपयोग नव्हता, तरी सवयीने घालत.

"सूनबाई, विहिरीत दगड टाकलास तर पहिल्या क्षणात तो जेवढा पडेल, दुसऱ्या तेवढ्याच वेळात त्याच्या तिप्पट पडतो. तिसऱ्यात पाचपट. मग सात. मग नऊ. कुठलाही दगड, कुठलीही विहीर. आणि दगड वर फेकलास तर उलट. नऊ, सात, पाच, तीन, एक, आणि थांबला. छत्तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. मुलांनी वहीत उतरवलं आणि परीक्षेनंतर विसरली. फळ्याबाहेर ते मी कधी पाहिलं नाही. आणि तू ते खालून, स्क्रू फिरवत फिरवत काढून आणलंस."

"म्हणजे तोफ कशी थांबते?"

"वर फेकलेला दगड आभाळात थांबतो तशी. तो कधी कशावर आदळतो का? पृथ्वी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराने मागे ओढते, कधी कमी नाही, कधी जास्त नाही. जिथे जोर सगळीकडे सारखा असतो तिथेच सगळ्यात मोठा झटका लहानात लहान होतो. तुझी भोकं तोफेला तसंच धरतात."

"पण मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मामंजी."

"तेलाला तरी कुणी सांगितलं होतं?" मामंजी म्हणाले.

आक्का परत खाली आली. शेडमध्ये अजून उजेड होता. तिने बाहेरचं नळकांडं काढून सिलिंडर फडक्याने पुसला आणि त्या पंचवीस भोकांच्या ओळीसमोर स्टुलावर बसली. वीस बंद, पाच उघडी. याच हातांनी तिने ती उघडली होती, पण आता बघताना तिला वाटेना की जागा आपण ठरवल्या. जणू त्या आधीपासून तिथेच होत्या, आणि ती दोन महिने अंधारात भिंत चाचपत दाराची कडी शोधत होती. तिच्या अंगावर काटा आला. घरात देवाचं कुणी फारसं करत नसे, तरी तिचे हात आपोआप जुळले. मग कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून तिने ते पदराला पुसले.

पुढच्या महिन्यात तिने खरा सिलिंडर केला, पाचच भोकांचा. तोफेला बसायला घसरता पाळणा केला, आणि मागे आलेली तोफ हळूच पुन्हा पुढे न्यायला एक मऊ स्प्रिंग लावली. मग ती कप्तानकडे गेली.

कप्तान रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस होता. त्या पाच जणांनंतर तर आणखीच कमी.

"नको," तो म्हणाला. "दुधाने तोंड पोळलंय माझं, आक्का. तू ताक आणलंयस हे पटतंय, तरी नको."

"फुंकून तर बघा. बंदराच्या आत, शांत पाण्यात. कुणी होडीत बसायला नको. बार उडवायची दोरी जेटीवरून ओढू."

कप्तानने दोन दिवस घेतले. मग हो म्हणाला, पण होडी रिकामी सोडायला तयार झाला नाही. तो स्वतः आत बसला, आणि नवी बसवलेली फळी होती तिच्यावर त्याने तळहात पालथा ठेवला. तोफवाला काठी टेकत जेटीवर आला. दोरी त्याच्याच हातात द्यायची असं आक्काने ठरवलं होतं. त्याने ती घेतली, पण तो पंधरा पावलं मागे जाऊन उभा राहिला, आणि दुखऱ्या पायाची त्याची पँट थरथरताना आक्काला दिसली.

बार उडाला. धूर निघाला, गोळा दोरी सोडत दूर गेला. तोफ पाळण्यात मागे आली, अर्धा मीटर, आणि थांबली. मग गर्दीत पाहुण्याला जागा करून देऊन परत आपल्या जागी बसणाऱ्या माणसासारखी हळूहळू पुढे सरकली. होडी हातभर मागे गेली. पाण्यावर एक सुरकुती उठली आणि जेटीपर्यंत येऊन विरली.

कप्तान हललाच नाही. तळहात फळीवर तसाच.

"पुन्हा," तो म्हणाला.

चार वेळा झाल्यावर तो वाकला, टॉर्च घेऊन होडीच्या तळातली सांध न् सांध बोटाने तपासली. बोट कोरडं निघालं.

"गेली कुठे?" त्याने आक्काला विचारलं. "लाथ?"

"गेली नाही. सगळी होडीनेच खाल्ली, एक कणही वाया गेला नाही. आधी एका घासात कोंबत होतो, आता चावून खायला वेळ दिला."

कप्तान हसला नाही, पण तोफेवर ताडपत्री त्याने स्वतःच्या हातांनी घातली.

पुन्हा वादळाचे दिवस आले. एका सकाळी सात वाजता ठाण्याचा भोंगा वाजला. बाहेरच्या त्याच खडकावर जहाज चढलं होतं, बारा माणसं. हेलिकॉप्टर दूरच्या शहरात होतं, आणि असल्या वाऱ्यात ते उडणारही नव्हतं.

कप्तान सुकाणूवर, इंजिनाशी दोघे, तोफेशी तोफवाला. कप्तानने आक्काकडे बघितलं. "तुझं यंत्र तुलाच कळतं. येतेस?" आक्का कधीच होडीत बसली होती.

खडकाजवळ पाणी उकळत होतं. तीनशे मीटरच्या आत जाणं शक्य नव्हतं. जहाज एका कुशीवर कललं होतं आणि कठड्याला धरून माणसं उभी होती, या होडीकडे बघत. तोफवाल्याने त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घालून गोळ्याची दोरी तपासायला लागला. इथे पंधरा पावलं मागे जायला जागा नव्हती. तोफ, तो आणि त्याचा पाय, सगळं दोन हातांच्या जागेत.

"आक्का," तो म्हणाला, "तू माझ्या मागे थांब. म्हणजे काही झालं तर..."

"काही होणार नाही."

"माहीत आहे. पण पायाला माहीत नाही."

आक्का सरकली नाही. तिने एक हात सिलिंडरवर ठेवला आणि दुसरा भावाच्या दुखऱ्या गुडघ्यावर. "पायाला मी सांगते. तू लाट बघ."

होडीची नाळ वर चढली. त्याने दोरी ओढली. पण बार उडता उडता लाट खालून निघून गेली, नाळ घसरली आणि गोळा जहाजाच्या अलीकडे पाण्यात पडला. तिकडच्या माणसांमधून एक आवाज आला, वाऱ्यात तुटका.

तोफ मागे येऊन थांबली होती. आता ती पुढे जायला हवी होती, आणि जात होती, पण फार हळू. थंडीने तेल घट्ट झालं होतं. बोटभर. आणखी बोटभर. इंजिनवाल्यांपैकी एक जण तिला हाताने ढकलायला पुढे वाकला.

"हात लावू नका," आक्का म्हणाली. "येते ती. येऊ द्या."

ती आली. तोफवाल्याने नवी दारू भरली, नवा गोळा, नव्या पेटीतली दोरी. या वेळी त्याने तीन लाटा नुसत्या मोजल्या. चौथीवर नाळ वर चढली, एक क्षण तिथेच तरंगत राहिली, आणि त्या क्षणात त्याने ओढली.

आक्काचा हात सिलिंडरवर होता. तिने इतक्या वेळा ते बाहेरून पाहिलं होतं, पण हाताखाली कधी जाणलं नव्हतं. दोन मोठ्या माणसांनी उचलायची तोफ, धावत्या माणसाला मागे टाकेल अशा वेगाने मागे येत होती, आणि पोलादाच्या आत तेल तिला धरत होतं. हिसका नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, भरीव, न डळमळणारा दाब. श्वास अर्धा घेऊन होईपर्यंत सगळं संपलं. होडीने मान डोलावली. वादळ इतकं मोठं होतं, लाटा घराएवढ्या, आणि त्या सगळ्या गोंधळात ही एकच गोष्ट अगदी नियमात वागली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

गोळा जहाजावरून पलीकडे गेला. दोरी आडवी पडली, आणि बारा माणसांचे चोवीस हात तिच्यावर तुटून पडले.

पुढचं काम जुनंच होतं, आणि लांबलचक. जाड दोर, तराफा, एका वेळी दोघे. तीन तास लागले. सगळ्यात शेवटी जहाजाचा कप्तान आला, हातात कागदांची पिशवी. बाराच्या बारा मोजून झाल्यावर तोफवाला होडीच्या तळात खाली बसला. तो वाचलेल्या माणसांचे चेहरे एकेक करून बघत राहिला.

जेटीवर ब्लँकेटं वाटत असताना जहाजाचा इंजिनिअर, पांढऱ्या मिशांचा माणूस, दात वाजत असतानाही तोफेशी येऊन उभा राहिला.

"आम्ही वरून बघत होतो," तो म्हणाला. "धूर निघाला, आणि तुमची होडी तिथल्या तिथे. मी म्हटलं, बार फुसका गेला, आता संपलं. तेवढ्यात दोरी डोक्यावर पडली." त्याने सिलिंडरवर हात फिरवला. "आत काय आहे?"

"तेल," आक्का म्हणाली. "आणि पाच भोकं."

तो आणखी काहीतरी ऐकायला थांबला. ती तोफेवर ताडपत्री ओढायला लागली, म्हणून तो मान हलवत शेकोटीकडे गेला.

पुढे वर्षभरात किनाऱ्यावरच्या आणखी चार ठाण्यांनी तिच्याकडून यंत्राचा आराखडा मागवून घेतला. पण ते नंतरचं. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मामंजी दारातच खुर्ची टाकून बसले होते. तिच्या पावलांचा आवाज ओळखून त्यांनी तोंड वर केलं.

"किती?"

"बाराच्या बारा."

त्यांनी तिला आधी कोरडे कपडे घालायला लावले, मग समोर बसवलं आणि भोंगा वाजल्यापासूनचं सगळं सांगायला लावलं. तिने सांगितलं. सांगून झालं तसे ते खुर्ची थोडी तिच्याजवळ ओढत म्हणाले, "आता तो दुसरा गोळा परत सांग. हाताखाली कसं लागलं, ते सावकाश."

आक्काने डोळे मिटले, हात मांडीवर पालथा ठेवला, आणि परत सांगायला लागली.